पुस्तकातलं बोलणारा मास्तर

मास्तराची आणि माझी ओळख झाली ती अमेरिकेत हर्नडन नावाच्या गावातल्या एका मासळीच्या दुकानात, आणि पहिल्याच मिनिटात त्यानं माझी लायकी काढली. त्यात त्याचा दोष नव्हता. माझी लायकी मी वरच ठेवलेली असते, कुणालाही चटकन सापडते.

बायको गेल्यावर मुलगा मला अमेरिकेत घेऊन आला. तो कॉम्प्युटरवाला, सूनबाई कॉम्प्युटरवाली, नात शाळेत. सकाळी एकदा गाड्या गेल्या की घरात मी आणि फ्रीज. फ्रीज निदान मधूनमधून आवाज करायचा. म्हणून मी पायी भटकायचो. तिथं रस्त्यानं पायी जाणारा म्हणजे एकतर गाडी बिघडलेला, नाहीतर कुणाच्या तरी मुलाचा इंडियातून आणलेला बाप, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला बघून लोक गाडी हळू करायचे, कीव करून पुढे जायचे.

चालत जाण्याच्या अंतरावर एका येमेनी माणसाचं किराणा आणि मासळीचं दुकान होतं. माझी उमेदीची वर्षं मस्कतला गेली, लेबर कॅम्पच्या मेसमध्ये स्वैपाकी म्हणून. तिथल्या मुकादमांकडून, ड्रायव्हरांकडून, मासेवाल्यांकडून पडलेली अरबी मी वेचून घेतली होती. त्या दिवशी दुकानात शिरलो आणि म्हटलं, "सदीक, समक जदीद फी?" म्हणजे मित्रा, मासे ताजे आहेत का. दुकानदार हसला, त्यानं सुरमई उचलून दाखवली. सौदा झाला. एवढ्यात माझ्या पाठीमागून कुणाच्या तरी पायावर सिलिंडर पडावा तसा आवाज आला.

वळून बघतो तर एक उंच, वाळका, पिकल्या केसांचा माणूस. ऑगस्टचा महिना, बाहेर अंगाला कपडा चिकटतोय, आणि हा टाय बांधून, वर बिनबाह्यांचा स्वेटर घालून उभा.

"हे तुम्ही काय बोललात?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"अरबी."

"नाही," तो म्हणाला. "ती अरबी नाही. तो अपघात आहे."

मग त्यानं तेच वाक्य दुकानदाराला कसं विचारावं ते करून दाखवलं. दुकानदार सुरी खाली ठेवून, हात जोडल्यासारखा, प्रवचनाला उभं राहावं तसा उभा राहिला. मालवणच्या मासळी बाजारात जाऊन कुणी "हे मत्स्यविक्रेत्ये, आज प्राप्त झालेले ताजे मत्स्य आपणापाशी उपलब्ध आहेत काय?" असं विचारलं तर कसं होईल, तसं झालं. गल्ल्याशेजारी दुकानदाराची लहान मुलगी अभ्यास करत होती. तिनं बापाला हळूच काहीतरी विचारलं आणि बापाला हसू आवरेना. नंतर त्यानं मला सांगितलं, "विचारते, हे काका कुठल्या कार्टूनमधले?" अरबांच्या मुलांची कार्टून अशा पुस्तकी अरबीत बोलतात म्हणे. घरात तसं कुणाची आई बोलत नाही.

हा मास्तर इजिप्तचा. आमच्याच अपार्टमेंटच्या आवारात मागच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणायचा, "नवराबायकोच्या भांडणाला घरगुती भाषा लागते. माझ्याकडे ती नाही."

आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, अडलं की माझी मस्कती अरबी. इथं मी त्याचं बोलणं मराठीत लिहितोय, त्यामुळे तो होता त्यापेक्षा जरा सुसह्य वाटेल. त्यानंच मला समजावलं की अरबांचे वीसएक देश, प्रत्येकाची बोली वेगळी, पण पुस्तक, पेपर, कोर्ट आणि भाषण यांची अरबी सगळीकडे एकच. ती खरी. बाकीचं सगळं बाजारू. मी विचारलं, "आणि माझं?" तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "बाजाराच्या खाली जे तळघर असतं, तिथलं."

मला ते पटलं. तळघरात राहायची मला सवय होती.

त्याच्या तऱ्हा काय सांगाव्यात! फोन उचलून समोरचा बाजारू बोलला तर हा "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून द्यायचा, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. टीव्हीवरचा बातमीदार चुकला की त्याला ओरडून दुरुस्त करायचा. एका सुदानी टॅक्सीवाल्यानं त्याला विचारलं होतं की साहेब, तुम्ही ऐतिहासिक मालिकेत काम करता का. बसस्टॉपवर एकदा तो मला एक शब्द घोटून घोटून म्हणायला लावत होता. मोठमोठ्यानं, अरबीत. न्यूयॉर्कचे टॉवर पडून फार वर्षं झाली नव्हती. बाकावरची बाई उठून लांब जाऊन उभी राहिली. तिला काय वाटलं असेल ते असो, तो फक्त मला 'टोमॅटो' शिकवत होता.

"तुला लाज नाही वाटत रस्त्यात ओरडायला?" मी म्हटलं.

"लाज मला वाटते," तो म्हणाला, "तुमच्या टोमॅटोची."

आता माझ्या घरचं सांगतो. सूनबाई पुण्याची. मुलगी सोन्यासारखी, पण मी "माका नको" म्हटलं की तिच्या कपाळावर एक बारीक आठी यायची आणि लगेच पुसली जायची. ती आठी मला मान्य होती. मी सातवी शिकलो, तीही रडतखडत, आणि घरात आयुष्यभर मालवणी बोललो. मुलगाही मालवणीच बोलायचा. मुंबईला कॉलेजात गेला आणि दिवाळीला परत आला तो "मला" घेऊन. आता त्या घरात माझ्या भाषेला उत्तर देणारं कुणी नव्हतं. जी देत होती ती गेली.

रविवारी मराठी शाळा भरायची, एका इंग्रजी शाळेच्या वर्गात. एकदा तिथं आजीआजोबांचा दिवस ठेवला. मला म्हणाले, काका, मुलांना गोष्ट सांगा. मी कोल्ह्याची आणि कुर्लीची गोष्ट सांगितली, रंगात आलो, हातवारे केले, कुर्लीसारखा आडवा चाललो. मुलं खिदळली. शेवटी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वा काका, किती गोड! पण मुलांनो, आपण 'माका' म्हणायचं नाही हं, आपण 'मला' म्हणायचं." घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजोबा, यू वर सो फनी. पण ते रॉन्ग मराठी होतं, राइट?"

"राइट," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी हे मास्तराला सांगितलं. वाटलं, परका आहे, बाजू घेईल. तो म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. भाषेला राखण लागते. उद्या सगळेच खेकड्यासारखे आडवे चालायला लागले तर?"

मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. मग मलाच कंटाळा आला. फ्रीजपेक्षा तो बरा होता.

त्याची नोकरी एका खाजगी क्लासमध्ये होती. सरकारी खात्यांतली तरुण पोरं तिथं अरबी शिकायला पाठवायचे. टॉवर पडल्यावर अमेरिकेला एकदम आठवलं होतं की आपल्याला अरबी येत नाही. मास्तराची तेव्हा चांदी. त्यानं शिकवलेली पोरं पेपर वाचायची, भाषणं करायची. पण अरब देशांत गेली की बाजारात त्यांचं बोलणं ऐकून लोक गोळा व्हायचे, आणि लोक जे बोलतात ते पोरांना ओ की ठो कळायचं नाही. तशी पत्रं आली असणार. क्लास चालवणारी बाई अमेरिकन, पांढऱ्या केसांची, तरुणपणी अरब देशांत राहिलेली. तिनं ठरवलं, आता पुस्तकी अरबीबरोबर चार मुलखांच्या बोल्या शिकवायच्या. प्रत्येक मास्तरानं आपल्या मुलखाच्या बोलीत एक वर्ग घेऊन दाखवायचा. भाजीवाला व्हा, ड्रायव्हर व्हा, काहीही व्हा. ज्याला जमणार नाही त्याचं कंत्राट संपलं. आणि मास्तराचे कागद नोकरीवर. आमच्या आवारात निम्मी बिऱ्हाडं व्हिसावरची, त्यामुळे याचा अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही. नोकरी गेली की सामान बांधायचं.

"मग हो भाजीवाला!" मी म्हटलं. "एक दिवसाचा प्रश्न."

"मी मरेन, पण भाजीवाला होणार नाही."

"अरे, पण का?"

तेव्हा त्यानं सांगितलं. तो इजिप्तच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातला, नदीच्या वरच्या अंगाचा. तिकडच्या माणसांवर साऱ्या देशात विनोद. विनोदातला मूर्ख कायम त्याच मुलखातला. कैरोच्या कॉलेजात पहिल्या दिवशी यानं उभं राहून नाव आणि गाव सांगितलं, आणि वर्ग हसला. नाव संपायच्या आत. त्यानंतर हा बरेच महिने वर्गात तोंड उघडेना. जेव्हा उघडलं तेव्हा त्यातून फक्त पुस्तक बाहेर आलं.

"त्या अरबीला कुणी हसत नाही," तो म्हणाला. "ती कुणाच्याच आईची नाही. त्यामुळे कुणाच्या आईचा अपमान होत नाही."

 

मग मी ठरवलं, याची तयारी मी करून घेणार. म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला डोंगर चढवायचा. दुपारी आमच्या स्वैपाकघरात मी गिऱ्हाईक, तो भाजीवाला. ओट्यावर सूनबाईंचे टोमॅटो, कांदे, भेंडी. मी माझ्या तळघरी अरबीत भाव विचारायचो. तो तोंड उघडायचा, नरड्यात काहीतरी वळवळायचं, आणि बाहेर पडायचं ते व्याख्यान. वर मलाच दुरुस्त करायचा.

एकदा वैतागून म्हणाला, "तुम्ही तिथं इतकी वर्षं राहिलात. तुमचे शब्द तरी बघा! उचल, आण, जा, संपलं, हरकत नाही. हे सगळे हुकूम ऐकणाऱ्याचे शब्द आहेत. स्वतःसाठी काही मागायचा एक तरी शब्द तुम्हाला कुणी शिकवला?"

"पगार," मी म्हटलं.

तो हसला. पण त्या रात्री जेवताना मला आठवेना, मी तिथं आणखी काय मागितलं होतं.

वर्गाचा दिवस आला. समोर गिऱ्हाईक म्हणून कुणीतरी बाहेरचा आणायचा होता. येमेनी दुकान सोडून येईना, म्हणून मास्तरानं मला नेलं. माझ्या शर्टावर पाहुण्याची चिठ्ठी चिकटवली. मुलाच्या लग्नात घातलेला शर्ट होता, इस्त्री मीच केली होती, म्हणजे न केल्यासारखीच. समोर केस बारीक कापलेली आठ-दहा पोरं, एक मुलगी. मागच्या बाकावर ती पांढऱ्या केसांची बाई, आणि तिच्या शेजारी क्लासमधलीच एक तरुण शिक्षिका, खास कैरोची, ओठांना लाल रंग लावलेली. टेबलावर खरी भाजी मांडलेली. टेबलामागे मास्तर, टायसकट.

मी पुढे झालो. "सदीक, टोमॅटो कितीला?"

मास्तरानं घसा साफ केला आणि म्हणाला, माझ्या हिशेबानं, "हे आदरणीय ग्राहका, या फळांच्या मूल्याविषयी आपण पृच्छा केलीत हे माझे भाग्य."

पोरांनी माना खाली घातल्या. मागून बाई मऊ आवाजात म्हणाली, "घरी बोलतात तसं, प्लीज." पुन्हा केलं. आता तो जास्तच पुराणात गेला. तिसऱ्यांदा केलं. त्याच्या कपाळावर घाम, बाईच्या हातातली पेन्सिल थांबलेली. मला दिसत होतं, हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत एका टोमॅटोपायी देशाबाहेर चालला आहे. माझी अरबी तर केव्हाच संपली होती. माझं डोकं फिरलं.

"रे मेल्या," मी ओरडलो, "भाजी विकतंस काय कीर्तान करतंस? एक सरळ भाव सांगूक येना नाय तुका? गिऱ्हाईक उठान दुसऱ्याकडे गेला तरी तुझा पुराण चालूच! कसला कुजका टोमॅटो ह्यो! ह्यो ढोरापुढे घातलंस तर ढोर पण तोंड फिरवीत!"

आणि टोमॅटो आपटला टेबलावर.

त्याला शब्द कळले नसतील, पण टोमॅटोचा अपमान कुठल्याही भाषेत कळतो. मास्तराचं तोंड उघडलं आणि त्यातून एक वेगळाच माणूस बाहेर आला. आवाज जाड, घशाच्या तळातून, भरभर, हात आकाशात. टाय खांद्यावर गेला. मला एक अक्षर समजलं नाही, पण माझा बाप, आजा आणि आमचं गावातलं एकूण वजन यांच्याविषयी बोलणं चाललंय एवढं नक्की. पोरं खुर्चीच्या कडेवर आली.

आणि मागून हसू फुटलं. ती कैरोची पोरगी, तोंडावर हात. दुष्टपणानं नव्हे. आमच्याकडे नाटकातला गडी मालवणी बोलायला लागला की लोक जसे आपोआप हसतात, तसं. अगदी आपोआप.

मास्तर वाक्याच्या मधोमध थांबला. तिच्याकडे बघत राहिला.  मी मनात म्हटलं, गेला, आता हा पुन्हा पुस्तकात जाऊन बसणार आणि आतून कडी लावणार.

त्यानं टेबलावरचा टोमॅटो उचलला, स्वेटरला पुसला, आणि त्याच जाड आवाजात तिला काहीतरी विचारलं. नंतर मला सांगितलं, तो म्हणाला होता, "हसायचं फुकट, पोरी. टोमॅटो घ्यायचे तर पुढे ये, नाहीतर दुकानापुढची जागा सोड." ती लाल झाली, ओठांइतकी. मग उठली, पुढे आली आणि तिच्या कैरोच्या बोलीत घासाघीस करायला लागली. दोघांची जी जुंपली! कांदे झाले, भेंडी झाली. पोरंही मध्ये पडली, जमेल तसे भाव करायला लागली. मी बाजूला उभा, पाहुण्याची चिठ्ठी लावून. मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं, मी काय विकत घेणार होतो?

शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या केसांच्या बाईनं त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, इथं असा वर्ग मी कधी पाहिला नाही. मग त्याला आत ऑफिसात नेलं.

तो बाहेर आला तेव्हा टाय नीट केलेला होता. आम्ही बसस्टॉपवर जाऊन बसलो. चार बोल्या ठरल्या होत्या ना, त्यांतली इजिप्तची म्हणजे कैरोची. याच्या खेड्याची त्यात बसत नव्हती. वरून मंजुरी कैरोचीच. बाई मनापासून हळहळली, कैरोची बोली शिकून शिकवाल का असंही म्हणाली. तो नाही म्हणाला.

"चाळीस वर्षं मी तोंड मिटून ठेवलं," तो मला म्हणाला, "उघडलं तर हाकलतील म्हणून. आज उघडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग हाकललं."

"माफी मुश्किल," मी म्हटलं. म्हणजे हरकत नाही. मला तेवढंच येत होतं.

त्यानं ते दुरुस्त केलं नाही. तेव्हा मात्र मला त्याच्याबद्दल भीती वाटली.

महिन्याभरात तो गेला, गावी, बहिणीकडे. पुस्तकं येमेनी दुकानदाराला दिली. मला काही दिलं नाही. म्हणाला, "तुम्ही वाचणार नाही." खरंच होतं.

बऱ्याच महिन्यांनी माझ्या नावानं एक पाकीट आलं. अमेरिकेत माझ्या नावानं औषधाच्या जाहिरातीशिवाय काही येत नाही, त्यामुळे मुलगाही बघायला उभा राहिला. आत चिठ्ठी नाही, नुसती एक कॅसेट. मुलाला नवल वाटलं, मला नाही. आखातात राहिलेल्या माणसाला कॅसेट काय ते सांगावं लागत नाही. बायकोला लिहिता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी तिचं पत्र लिहायचे, ते यायचं "आम्ही सर्व येथे कुशल आहोत" असं. ती जन्मात कधी कुशल नव्हती, तो शब्दच तिचा नव्हता. मग कुणाच्या तरी टेपवर बोलून ती कॅसेट पाठवायला लागली. लेबर कॅम्पात इजिप्तच्या मजुरांनाही तशाच यायच्या, चादर डोक्यावर घेऊन ऐकायचे. तिच्या कॅसेटींना पुढे आमच्या पावसानं बुरशी लागली आणि त्या गेल्या.

गराज सेलमधून एक टेपरेकॉर्डर आणला आणि दुपारी बाल्कनीत बसून ऐकलं. मास्तराचा आवाज, तोच जाड. मागे कोंबडी, कुणी बाई, बहुधा बहीण, मध्येच त्याला झापत होती. अख्खी बाजू तो बोलला. मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझ्यासाठी त्यानं एकही शब्द सोपा केला नव्हता.

मी कॅसेट उलटी केली आणि उत्तर भरायला बसलो.  मग म्हटलं, "मास्तरा, माका कायएक समाजला नाय." आणि एकदा सुरू झालो तो थांबेना. "टाय काढलंस काय नाय अजून? पोटभर जेवतंस मां? बहिणीक त्रास देव नको, ती बिचारी काय तुझी विद्यार्थीण नाय. सगळा आयुष्य दुसऱ्याच्या चुका काढण्यात घालवलंस, आता जरा गप बसान उन्हात पाय शेक..." टेप खट करून बंद झाला तेव्हा कळलं की बाजू संपली.

नीट भरलंय की नाही म्हणून लावून ऐकलं. आवाज माझा होता, म्हातारा, फाटका. पण बोलणं सगळं बायकोचं. पोटभर जेवतंस मां, गप बस, पाय शेक, एकेक वाक्य तिचं. तशीच ती मला फैलावर घ्यायची, तसाच मध्ये श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा लावलं. पुन्हा.

दोन दिवस ती कॅसेट मी उशाखाली ठेवली. पाठवायला जीव होईना. मग मुलाला म्हटलं, पोस्टात टाक.

बायको आयुष्यात कणकवलीच्या पुढे गेली नव्हती. आता इजिप्तमध्ये कुठल्याशा खेड्यात बसून एका मास्तराला झाडते आहे. त्याला कळत नसणार. मला तरी कुठं सगळं वेळेवर कळलं होतं!